मर्विन पॅजेटचा कोंडवाडा

मर्विन पॅजेटला मार्शबीत सगळे ‘पोस्टमन’ म्हणायचे, आणि गंमत अशी की त्या माणसाने उभ्या जन्मात एकाही दारात पत्र टाकलेलं नव्हतं. एकतीस वर्षं तो टपालाच्या छाननी कचेरीत लाकडी खणांसमोर उभा राहिला आणि हे पत्र इकडे, ते पत्र तिकडे करत राहिला. पायांच्या शिरा फुगल्या तेव्हा निवृत्त झाला. पण गावाला एवढा बारकावा कशाला हवा असतो? टपालात होता ना, मग पोस्टमन.

बायको हेस्टर ट्यूलिपच्या कंदांच्या शेडमध्ये कामाला होती. पट्ट्यावरून कंद धावत यायचे आणि कुजका, किडका, चिरलेला कंद ती हात न थांबवता उचलून टाकायची. ‘‘आमच्या घरात दोन चाळण्या आहेत,’’ ती म्हणायची, ‘‘म्हणूनच पोरं सरळ निघाली.’’ पोरं कसली सरळ! थोरला कॅनडात गेला तो नाताळला फोन करण्यापुरता उरला, आणि धाकटी लीड्सला. पण आई म्हटल्यावर असं बोलायचंच.

दोघं रविवारी आणि गुरुवारी चर्चच्या बुरुजात दोर ओढायला जायची. आमच्या भागात घंटा वाजवणं म्हणजे नुसतं टोले देणं नव्हे. आठ माणसं, आठ दोर, आणि दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा. सगळं डोक्यातून, समोर कागद ठेवणं म्हणजे नाक कापून घेणं. अशा वीसेक बुरुजांचा मिळून आमचा घंटावादक संघ. पगार कुणाला नाही, पण पदाधिकारी मात्र ढीगभर: सचिव, खजिनदार, दोर आणि वंगण बघणारा, नव्यांना शिकवणारा. निवडणुकीत भांडणंही अशी व्हायची की जणू राज्य वाटून घ्यायचंय.

दोन हजार साली संघाने आपली वेबसाइट काढली आणि कौतुकाने सगळ्या पदाधिकाऱ्यांचे ईमेल पत्ते तिच्यावर टांगले. झालं! कुत्र्यांना हाडूक दिसलं. सहा महिन्यांत टक्कलावर केस उगवणारी औषधं, न काढलेल्या तिकिटांच्या लॉटऱ्या आणि एकाकी मुलींची आमंत्रणं अशी काही कोसळली की विचारू नका. तेव्हा मिस इव्हलिन क्रॅब्ट्री सचिव होत्या. रविवारच्या बायबलवर्गाच्या निवृत्त बाई, वय बहात्तर. एके सकाळी त्यांनी एक ईमेल उघडली आणि लगेच कॉम्प्युटर बंद करून त्यावर विणलेलं टेबलक्लॉथ टाकलं. ते तीन आठवडे निघालं नाही.

संघाची बैठक बसली. ‘‘हे बघणार कोण?’’ अध्यक्षांनी विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

‘‘आमचा मर्विन बघेल,’’ हेस्टर म्हणाली. ‘‘पत्रं निवडण्यातच त्याचा जन्म गेलाय. आणि घरात नुसता बसून मला जेवणात मीठ किती घालायचं ते शिकवतोय.’’

‘‘अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.’’

‘‘शिकशील. पाचव्या घंटेवर मी चार वर्षं रडत रडत शिकले, तेव्हा तूच म्हणायचास, शिकशील.’’

शिकला. लीड्सच्या पोरीला फोन करून, वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणून, दोनदा सगळं पुसून टाकून शिकला. ‘सचिव’, ‘खजिनदार’ अशा संघाच्या प्रत्येक पत्त्यावर आलेली ईमेल पुढे कुणाच्या घरच्या पत्त्यावर जाते, ते फक्त त्याला ठाऊक. सचिव बदलले की तो आतली तार तेवढी बदलायचा. बाहेरच्याला पत्ताही लागत नसे. सगळ्यांच्या पुढे त्याने एक चाळणी बसवली. संशय आला की ईमेल एका बाजूच्या पेटीत जाऊन पडायची. त्या पेटीला तो कोंडवाडा म्हणायचा. चौदा दिवसांत कुणी सोडवली नाही, तर तिथली ईमेल आपोआप पुसली जायची.

आता खरी मेख अशी, की घंटावाले एकमेकांना लिहितात ते आकड्यांत. पहिली घंटा एक, दुसरी दोन, आणि वाजवायच्या क्रमांच्या ओळीच्या ओळी. पत्रात ‘प्रिय’ सुद्धा नसतं. वरून खालपर्यंत आकडे, शेवटी नाव. चाळणीच्या मेंदूला ते वेड्याचं बरळणं वाटायचं. त्यामुळे व्हायचं काय, की बिचारे नेकीचे लोक कोंडवाड्यात, आणि ‘प्रिय बंधू, देव तुमचं भलं करो’ म्हणणारे भामटे सरळ सचिवांच्या पुढ्यात. मर्विनने चाळणीला पुष्कळ शिकवून पाहिलं. शेवटी म्हणाला, ‘‘जाऊ दे, मीच बघतो.’’

तेव्हापासून रोज सकाळी नाश्ता झाला की चहाचा मग आणि मनुक्यांच्या पावाचा चीज लावलेला काप घेऊन तो कोंडवाड्याशी बसायचा. पाठवणाऱ्याचं नाव बघायचं, विषयाची ओळ बघायची आणि सोडायचं किंवा ठेवायचं. आतलं वाचायचं नाही. हा त्याचा कचेरीतला धर्म: पत्र बाहेरून ओळखायचं, आतलं ज्याचं त्याला. हेस्टर मात्र त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची.

‘‘अहो श्रीमंत, आज पुन्हा लॉटरी लागली वाटतं! आणि ही कोण रे नताशा? रोज कशी आठवण काढते तुझी?’’

‘‘माझी नाही, खजिनदाराची.’’

‘‘मग सोड की. तो बिचारा नाहीतरी विधुर आहे.’’

हसता हसता पावाचे तुकडे कळफलकावर सांडायचे. काय सकाळी होत्या त्या! आजही मार्शबीत कुणी त्या दिवसांचं बोललं की मर्विनचा चेहरा आधी उजळतो आणि मग तो खिडकीकडे बघतो. दोन हजार नऊ साली हेस्टर गेली. कर्करोगाने पाच महिनेही दिले नाहीत. त्यानंतरही तो रोज तसाच बसायचा, पण खुर्ची थोडी डावीकडे सरकवून. खांद्यामागे जागा ठेवायची सवय गेली नाही ती नाहीच.

आणखी एक ठिकाण होतं त्याचं. बुरुजात, दोर ओढायच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर एक ओकची पाटी. काळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरं: ८ एप्रिल १९७८, पाच हजार चाळीस फेऱ्या, दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. खाली आठ नावं. पाचव्या घंटेपुढे हेस्टर पॅजेट, आठवीपुढे मर्विन पॅजेट. दर रविवारी तो ती मऊ फडक्याने पुसायचा. कबरीवर फारसा जायचा नाही. म्हणायचा, ‘‘तिथे ती पडून आहे. इथे ती वाजवतेय.’’

त्या पाटीचं महत्त्व कळायला एवढंच ध्यानात घ्या. सात घंटा घेतल्या तर त्यांचे वेगवेगळे क्रम होतात बरोबर पाच हजार चाळीस. आठवी, सगळ्यात मोठी, दर फेरीला शेवटी एक ठोका देते, बस. ते सगळे क्रम एका दमात, न थांबता, आणि प्रत्येक क्रम फक्त एकदाच वाजवायचा. याला ‘पील’ म्हणतात. एकही ओळ दुसऱ्यांदा आली की पील खोटी. मग तीन तास घाम गाळला असो की हात सोलून निघाले असोत, ती झालीच नाही असं धरायचं. तपासणारा कुणी नसतो. ज्याची चूक त्याने सांगायचं आणि संघाच्या वार्षिक अहवालात ‘मागे घेतली’ म्हणून एक ओळ छापायची. पाटी असेल तर उतरवायची. असा हा आमच्याकडचा वेडेपणा.

हेस्टरची ही जन्मातली एकमेव पील. सहा वेळा फसली होती. एकदा दोर तुटला, एकदा तिसऱ्या घंटेवाल्याच्या पोटरीत गोळा आला, एकदा अडीच तासांनंतर कुणाचा तरी क्रम चुकला आणि हेस्टर जिन्यात बसून रडली. सातव्यांदा रेजिनाल्ड ऑर्चर्ड म्हणाला, मी स्वतः नवी रचना बांधतो. रेज म्हणजे आमच्या भागातला मोठा उस्ताद. सातव्या घंटेवर उभा राहून, क्रम कुठे वळवायचा त्याच्या हाका देत, त्याने सगळ्यांना नेलं. मर्विन मोठ्या घंटेवर. त्याला क्रमांची अक्कल नव्हती, प्रत्येक फेरीच्या शेपटाला ठोका देणं एवढंच काम. म्हणून त्याला बघायला वेळ होता. तो तीन तास हेस्टरच्या हातांकडे बघत राहिला. ‘‘कंद निवडायची तेच हात,’’ तो सांगायचा, ‘‘पण त्या दिवशी त्यांना वजनच नव्हतं.’’ पाटीचं लाकूड त्याने स्वतः रंधलं होतं.

आता दोन हजार एकोणीसचा मार्च. मंगळवार. चहाचा मग, पाव, कोंडवाडा. औषध, औषध, कर्ज, नताशाची कुणी नात असावी ती, आणि मग एक ओळ. पाठवणारा: आर. ऑर्चर्ड. विषय: ‘मार्शबी, ८ एप्रिल १९७८. पील खोटी होती.’

मर्विनने चहाचा मग खाली ठेवला. रेज अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, आमच्याच भागातल्या बॉस्टन गावाजवळच्या वृद्धाश्रमात. ईमेल सचिवांसाठी. म्हणजे आता वेंडी स्प्रॉटसाठी. एक बटण दाबलं की तिच्याकडे. आणि वेंडी म्हणजे नियमाला पक्की. पंधरा दिवसांत पाटी खाली.

त्याने बटण दाबलं नाही. पुसलीही नाही हं! पुसणारा मी कोण, असं तो स्वतःला म्हणाला. आपण काहीच करायचं नाही. चौदा दिवसांनी नियमच काय ते करील. बघा, माणसाचं मन स्वतःचा खटला चालवायला बसलं की केवढा मोठा वकील होतं! म्हातारा भ्रमिष्ट झाला असेल. एवढ्या वर्षांनी कुणाला पडलंय? आठांतले पाच तर मातीत गेले. त्यांची नावं खोडून कुणाचं भलं होणार आहे?

रोज सकाळी ती ईमेल तिथेच असायची, फक्त दिवस एकाने कमी. बाकीच्यांची सुटका तो नेहमीसारखी करायचा. कुणाच्या सभेचं बोलावणं, कुणाच्या लग्नाच्या घंटा. त्या एकीवरून नजर सरकवायचा. रविवारी पाटी पुसायला गेला तर फडकं हातात घेऊन नुसता उभा राहिला. आमच्यातलं कुणीतरी म्हणालंसुद्धा, ‘‘काय रे पोस्टमन, आज दांडी का?’’ तर गुडघ्यावर ढकललं त्याने.

तेराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. वेंडी.

‘‘मर्विन, रेज ऑर्चर्डने मला काही पाठवलंय का रे? तिथली नर्स फोन करून विचारत होती. म्हातारा रोज दोनदा विचारतो म्हणे, उत्तर आलं का, उत्तर आलं का. जेवणावरून उठून बघायला जातो. तुझ्या कोंडवाड्यात नाही ना अडकलं?’’

‘‘नाही,’’ मर्विन म्हणाला.

‘‘नीट बघितलंस?’’

‘‘एकोणीस वर्षं बघतोय, वेंडी.’’

‘‘बरं बाबा, रागावतोस कशाला! त्याला म्हणते, पुन्हा पाठव. पण नर्स म्हणत होती, त्याला ते लिहायला दोन महिने लागले. एका बोटाने टाइप करतो.’’

फोन ठेवला आणि मर्विन स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला. एकतीस अधिक एकोणीस, पन्नास वर्षांत त्याने कुणाचं पत्र दाबलं नव्हतं. कचेरीत एक माणूस होता, पत्रं कोटात लपवायचा. तो पकडला गेल्यावर मर्विनने पुन्हा कधी त्याला ओळख दिली नाही. आणि आज? एका बोटाने लिहिणारा म्हातारा जेवणावरून उठतोय, आणि आपण त्याच्यासमोर दार लावून बसलोय. ‘‘शरम नाही वाटत?’’ तो मोठ्याने म्हणाला. घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा प्रश्न कुणाला होता ते उघडच आहे. त्याला रडू आलं. पाटीसाठी, आणि त्याहून जास्त त्या ‘नाही’साठी.

तो जाऊन बसला. आतलं वाचलं नाही. बटण दाबलं, पत्र सोडलं आणि लगेच वेंडीला फोन लावला.

‘‘आलं बघ तुझ्याकडे. मघाशी मी खोटं बोललो. तेरा दिवस मीच अडवून ठेवलं होतं.’’

पलीकडे वेंडीने तिथल्या तिथे ईमेल उघडली. मग म्हणाली, ‘‘विषय वाचला मी आत्ता. येते. किटली ठेव.’’

वीस मिनिटांत ती दारात. हातात छापलेले कागद. खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला. ‘‘सहा पानं नुसते आकडे आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘त्याचं बरोबर आहे, मर्विन. त्याने खूण केली आहे तिथे मी पडताळलं. एक चौदा ओळींचा तुकडा दोनदा आलाय. एक हाक त्याने चुकीच्या जागी दिली.’’

‘‘मग झालं तर. उतरवू पाटी.’’

‘‘थांब. खाली चार ओळी शब्दांत आहेत. तू वाच.’’

‘‘तुझं पत्र आहे. मी नाही वाचत.’’

‘‘काय हट्टी माणूस आहे! बरं, मी वाचते.’’ आणि तिने वाचलं. रेजने लिहिलं होतं: ‘मला हे आज कळलेलं नाही. त्या दिवशी जिना उतरताना हेस्टर पॅजेट मला म्हणाली, रेज, आधी सगळ्या विषम घंटा आणि मग सगळ्या सम, अशी ती सुंदर ओळ आज मी दोनदा ऐकली. दोनदा यायला नको ना? मी तिला झिडकारलं. म्हटलं, तू पाचवी सांभाळ, रचना माझ्याकडे ठेव. घरी जाऊन मांडलं तर तिचं खरं निघालं. मी तिला ते कबूलही केलं. ती म्हणाली, चूक तुझी आहे, तूच सांग. मर्विन फार खुशीत आहे, त्याला मी नाही सांगणार. माझी हिंमत झाली नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.’

मर्विनपुढचा चहा गार होत राहिला. हेस्टरने ती पाटी कधी पुसली होती? कधीच नाही. तो पुसायचा आणि ती दोर गुंडाळत राहायची, त्याला पाठ करून. त्याला वाटायचं, लाजते. एकतीस वर्षं तिने आपल्याच नावाकडे पाठ केली होती, त्याच्या खुशीपायी. आणि तीन तास तो तिच्या हातांकडे बघत होता तेव्हा ती ऐकत होती. पाच हजार चाळीस ओळींतली एक ओळ तिने कानाने पकडली होती, जी खुद्द रचना बांधणाऱ्या उस्तादाला कळली नाही.

‘‘काय बाई होती,’’ तो म्हणाला. ‘‘मला सांगायचं तरी! मी काय त्या लाकडाच्या पाटीवर जीव टाकला होता? मला सांगायचं होतंस गं!’’

वेंडीने त्याच्या हातावर हात ठेवला. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, ‘‘हे बघ, सगळे म्हातारे झालेत. पाटी राहू दे भिंतीवर. अहवालात ओळ छापते, काम भागेल. वर चढून कोण बघतंय?’’

‘‘नाही. ती काढायची. मी लावली, मीच काढीन.’’ त्याने बाहीने डोळे पुसले. ‘‘पण अहवालातल्या त्या नोंदीत एक जास्तीची ओळ घाल.’’

‘‘कसली?’’

‘‘मार्शबी, ८ एप्रिल १९७८, पील मागे घेतली. चूक प्रथम ओळखली: हेस्टर पॅजेट, पाचवी घंटा, वाजवत असताना.’’

‘‘मर्विन, अरे, तशी पद्धत नाही. कोण चुकलं ते छापतो आपण, कुणाच्या लक्षात आलं ते नाही.’’

‘‘मग पद्धत मोड. मी तेरा दिवस तुझं पत्र अडवून धरलं, तेही पद्धतीत बसत नव्हतं.’’

वेंडीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पिशवीतून पेन काढून तिने रेजच्या कागदाच्या पाठीवर ते लिहून घेतलं आणि विचारलं, ‘‘वाजवत असताना, हेही घालू?’’

‘‘ते तर घालच.’’

आमच्या संघाचा त्या सालचा अहवाल पिवळ्या पुठ्ठ्याचा आहे. अकराव्या पानावर ती ओळ आहे. पहिली प्रत मर्विन स्वतः बस धरून बॉस्टनला घेऊन गेला आणि रेजच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती एका बोटाखाली धरून सावकाश वाचली, दोनदा. मग म्हणाला, ‘‘हिला मी झिडकारलं होतं रे.’’

‘‘माहीत आहे,’’ मर्विन म्हणाला. ‘‘मी तर तुझं पत्रच दाबलं होतं. सरक जरा, मला बसू दे.’’